अंगणातल्या मोत्याने रात्री कोठे झोपावे?

पत्र : आम्ही ठाण्यात, मानपाड्याच्या पुढे डोंगराच्या बाजूला असलेल्या एका रो-हाउसमध्ये राहतो. पुढे फरशी घातलेले लहान अंगण आहे, मागे छातीएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे झाडी. तीन आठवड्यांपूर्वी गल्लीतल्या कुत्रीचे एक पिल्लू मुलीने घरी आणले. ते आता अडीच महिन्यांचे असावे. त्याचे मोत्या हे नाव माझ्या ७२ वर्षांच्या सासूबाईंनीच ठेवले, पण कुत्र्याने उंबरठा ओलांडू नये असे त्यांचे ठाम मत आहे. साताऱ्याकडच्या त्यांच्या माहेरी कुत्री कायम अंगणात असत आणि ठणठणीत असत, असे त्या सांगतात. पतींना राखणीसाठी कुत्रा हवा आहे आणि तो बाहेर बांधलेला बरा, असे त्यांना वाटते. नऊ वर्षांची मुलगी त्याला आपल्या खोलीत नेऊ पाहते. सहा वर्षांच्या मुलाला अधूनमधून दम्याचा त्रास होतो, म्हणून मलाही धास्ती आहे. सध्या मोत्या पोर्चमधल्या खोक्यात झोपतो, रात्रभर केकाटतो आणि शेजारी तक्रार करतात. दिरांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरला लोखंडी पिंजरा बनवायला सांगितला आहे. मोत्याला घरात ठेवावे की बाहेर? आणि पिंजरा घ्यावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागून देते. मोत्याने रात्री घरात झोपावे, आणि या नियमाला अपवाद नसावा. दिवसा घरात माणसे असतील आणि कोणाची तरी नजर असेल, तेव्हा त्याने अंगणात खुशाल हुंदडावे. स्वयंपाकघर, देवघर आणि मुलांच्या झोपण्याच्या खोल्या त्याला पहिल्या दिवसापासून वर्ज्य असाव्यात. आपल्या मुलाच्या डॉक्टरांनी दम्याच्या कारणाने कुत्र्याला नकार दिला, तर मात्र मोत्यासाठी दुसरे घर शोधावे. त्याला बाहेर बांधून ठेवणे हा त्यावरचा तोडगा होऊ शकत नाही. हे थोडे कठोर वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचा अनुभव घेऊ, कारण आपल्या घरातील सर्वांत वजनदार युक्तिवाद तोच आहे. त्यांच्या माहेरची कुत्री अंगणात राहत आणि ठणठणीत असत, हे मी मुळीच नाकारत नाही. पण ती कुत्री बांधलेली नसत. ऊन चढले की ती गोठ्यात किंवा रांजणाच्या ओलाव्याशी जाऊन पडत, पाऊस आला की पडवीत चढत, शेताकडे निघालेल्या माणसामागे जात आणि रात्री ओसरीवर झोपलेल्यांच्या पायथ्याशी अंग टाकत. घराचे दार दिवसभर उघडे असे आणि घरातील निम्मी माणसे निम्मा दिवस त्याच अंगणात वावरत. निवडणे-टिपणे, वाळवणे, गप्पा, सारे तेथेच चाले. आपल्या अंगणात असे काहीही घडत नाही. सकाळी माणसे कामाला आणि मुले शाळेला जातात, दार बंद होते, अंगणात मोटार आणि कुंड्या उरतात, आणि संध्याकाळी परतलेली माणसे पुन्हा दाराआड जातात. अशा अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा दिवसाचे बहुतेक सर्व तास एकटा असतो. त्याला सावलीमागे सरकता येत नाही, माणसामागे जाता येत नाही आणि घाबरला तर पळताही येत नाही. शिवाय आठवणीत ठणठणीत कुत्रीच राहतात. पहिल्या पावसाळ्यातच गेलेली पिल्ले त्या काळी कोणी मोजत नसे, हेही सासूबाईंना आठवेल.

माणसाच्या सहवासात कुत्रा किमान पंधरा हजार वर्षे राहत आला आहे. एकटे पडणे ही त्याच्या दृष्टीने गैरसोय नसते, ते संकट असते, आणि पिल्लाच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरे आहे. सातव्या-आठव्या आठवड्यात आई आणि भावंडांपासून दूर झालेले पिल्लू रात्री एकटे ठेवले की ओरडते, कारण हरवलेल्या पिल्लाला वाचण्याचा तोच एक मार्ग असतो. त्यामुळे मोत्याच्या केकाटण्याला हट्ट समजू नये, आणि 'चार दिवस ओरडेल, मग गप्प होईल' या सल्ल्याकडे दुर्लक्ष करावे. पिल्लू गप्प होते हे खरे, पण त्यातून ते निर्धास्त होण्याऐवजी भित्रे होण्याचा संभव अधिक असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाची घडण ठरवतो. या काळात त्याने निरनिराळी माणसे, मुले, मिक्सरचा आवाज, कुकरची शिटी, दाराची घंटा हे सारे जवळून आणि न घाबरता अनुभवले, तर पुढे तो घराला आणि पाहुण्यांना त्रासदायक होत नाही. मोत्याच्या या काळातले तीन-चार आठवडे उरले आहेत. ते पोर्चमध्ये घालवू नयेत.

आता हवामान. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वासमार्ग यांच्यावरील ओलाव्याची वाफ करून बाहेर टाकतो. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही, आणि ठाण्याची हवा एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये कशी असते हे मी आपल्याला सांगायला नको. त्यात पोर्चवर पत्रा किंवा प्लास्टिकचे छत असेल आणि खाली फरशी, तर दुपारी तेथील तापमान वेधशाळेच्या आकड्यापेक्षा पुष्कळ वर जाते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान मुळातच ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघाताने अवयव निकामी होऊ लागतात. गावठी कुत्र्याची आखूड केसांची कातडी आपल्या हवेला लॅब्रॅडॉर किंवा हस्कीपेक्षा कितीतरी सरस आहे, यात शंका नाही. पण रस्त्यावरची कुत्री दुपारी कोठे दिसतात ते पाहावे. ती मोटारीखाली, ओल्या मातीत किंवा गटाराच्या कडेला सापडतात, म्हणजे स्वतः जागा निवडून पडलेली असतात. बांधलेल्या कुत्र्याकडे कातडी तीच असते, निवड मात्र नसते.

पावसाळ्याचे दुखणे वेगळे. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सतत ओल्या राहिलेल्या कातडीला बुरशी धरते, कान सडतात, आणि लहानशा जखमेवरही माश्या बसून तिच्यात आळ्या पडतात. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यांत हे पावसाळ्यात नेहमी दिसते. याहून गंभीर आहे तो लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरणारा हा जंतू कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्याचे उरलेले अन्न अंगणात पडून राहिले की उंदीर येतात, म्हणजे बाहेर जेवणारा कुत्रा स्वतःच्या दारात हा रोग बोलावतो. मोत्या कोठेही राहिला तरी त्याची जेवणाची ताटली दहा-पंधरा मिनिटांत उचलून धुऊन ठेवावी.

आपण ज्या बाजूला राहता, त्या बाजूच्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख पत्रात कोठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. मागच्या भिंतीपलीकडची झाडी वर येऊरच्या जंगलाला मिळते, आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे. या उद्यानात बिबटे आहेत आणि उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांत हिंडणारी कुत्री हा त्यांच्या आहारातील मोठा वाटा आहे, हे तेथील अभ्यासांतून दिसून आले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर ठाण्याच्याच समतानगर भागातील एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, आणि अखेर जवळच्या हॉटेलच्या आवारात त्याला बेशुद्ध करून पकडावे लागले. तो मॉल डोंगरापासून आपल्या घरापेक्षा दूर आहे. छातीएवढी भिंत बिबट्याला अडथळा वाटत नाही. मोकळे कुत्रे निदान पळू शकते. साखळीला बांधलेले पिल्लू, किंवा ज्याच्या गजांतून पंजा आत जातो अशा पिंजऱ्यातले पिल्लू, हे त्याच्यासाठी आयते वाढलेले ताट ठरते. बिबट्या सहसा माणसाला टाळतो आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दोन लहान मुले असलेल्या घराच्या पोर्चमध्ये रात्री त्याला येण्याचे निमित्त आपण होऊन का द्यावे? कचऱ्याची बादलीही रात्री आत घ्यावी, आणि बिबट्या प्रत्यक्ष दिसलाच तर गर्दी न जमवता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. मोत्या रात्री घरातच झोपावा यासाठी इतर सर्व कारणे बाजूला ठेवली, तरी आपल्या पत्त्यापुरते हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

आपल्या पतींची राखणीची अपेक्षा रास्त आहे, फक्त त्यांनी जागा चुकीची निवडली आहे. बाहेर बांधलेला कुत्रा मांजर, डिलिव्हरीवाला, वॉचमनची शिटी, पलीकडच्या गल्लीतले कुत्रे अशा प्रत्येक गोष्टीवर भुंकतो. महिनाभरात घरातल्यांचे कान त्या भुंकण्याला सरावतात, आणि मग खरोखरच कोणी आले तरी कोणी उठत नाही. घरात, दारापाशी झोपलेला कुत्रा एरवी शांत असतो, पण कुलपाशी खुट्ट झाले तरी त्याला ऐकू येते, आणि तो भुंकला की घर जागे होते. चोराला कुत्र्याला गप्प करायचे असेल, तर बाहेरच्या कुत्र्यापुढे काही खायला टाकणे सोपे असते, दाराआडच्या कुत्र्याबाबत ते जमत नाही. शिवाय दीर्घकाळ बांधलेली कुत्री चावरी होण्याचा धोका मोठा असतो. मुलांच्या मित्रमैत्रिणींची ये-जा असलेल्या घरात ती राखण महाग पडेल.

आता आपल्या खऱ्या काळजीकडे, म्हणजे मुलाच्या दम्याकडे येते.

कुत्र्याची ॲलर्जी केसांमुळे होते, हा समज पुष्कळ पसरलेला आहे. प्रत्यक्षात ती मुख्यतः लाळेतल्या आणि कातडीच्या सुटणाऱ्या बारीक कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. म्हणूनच 'ॲलर्जी न होणारी जात' म्हणून जी पिल्ले महाग विकली जातात, त्या दाव्यात तथ्य नाही, आणि केस कमी गळतात म्हणून गावठी कुत्रा सुरक्षित, असेही म्हणता येत नाही. हा कोंडा इतका हलका असतो की तो कपड्यांना चिकटून कोठेही जातो. कुत्री नसलेल्या घरांत आणि शाळेच्या वर्गांतही तो सापडतो. याचा अर्थ असा की कुत्रा अंगणात ठेवल्याने घरातील प्रमाण कमी होईल, पण संपणार नाही, कारण मुले अंगणात त्याच्याशी खेळतील आणि त्याच कपड्यांनी अंथरुणात शिरतील. मुलाला कुत्र्याची ॲलर्जी खरोखरच असेल, तर बाहेर ठेवणे अपुरे आहे. आणि नसेल, तर ते अनावश्यक आहे. म्हणून आधी हे ठरवून घ्यावे. मुलाच्या बालरोगतज्ज्ञांना भेटून कुत्रा घरी आल्याचे स्पष्ट सांगावे, मागच्या तीन आठवड्यांत खोकला, रात्री जाग येणे किंवा पंप वापरण्याची गरज वाढली का ते आठवून सांगावे, आणि गरज असल्यास ॲलर्जीची तपासणी करून घ्यावी.

ही भेट पावसाळ्यापूर्वी व्हावी, असा माझा आग्रह आहे. जूननंतर भिंतींना ओल येते, बुरशी वाढते, गाद्या-उशांमधले धुळीचे कीटक फोफावतात, आणि दम्याची मुले कुत्रा नसलेल्या घरांतही खोकू लागतात. तेव्हा आपल्या मुलाला त्रास झाला, तर त्याचे खापर मोत्याच्या डोक्यावर फुटेल आणि कपाटामागची ओली भिंत मात्र नामानिराळी राहील. आत्ताचा कोरड्या दिवसांतला अनुभव डॉक्टरांसमोर असेल, तर निदान अधिक नेमके होईल.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तरी काही पथ्ये कायमची पाळावी लागतील. मुलाच्या झोपण्याच्या खोलीत मोत्याने कधीही जाऊ नये, दार उघडे आणि खोली रिकामी असतानाही नाही. मुलीने याबाबत कितीही लाडीगोडी लावली तरी तेथे विरघळू नये. त्याचे अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुवावे. केरसुणीने कोरडा केर काढल्यास कोंडा हवेत उडतो, म्हणून लादी ओल्या फडक्याने पुसावी. सोफ्यावर त्याला चढू देऊ नये, कारण कापडी बैठकीत शिरलेला कोंडा महिनोन्महिने निघत नाही. आठवड्यातून एकदा कुत्र्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने आंघोळ घातल्यास अंगावरचा कोंडा कमी होतो, पण तो परिणाम काही दिवसच टिकतो. मुलाने मोत्याशी खेळल्यावर हात धुवावेत आणि त्याला तोंड चाटू देऊ नये.

सासूबाईंच्या स्वच्छतेच्या आग्रहाबद्दल मला पूर्ण आदर आहे, मात्र कुत्रा बाहेर ठेवला की घर स्वच्छ राहते, हे गणित तितके सरळ नाही. पिल्लांच्या पोटात गोल जंत आणि अंकुश जंत जवळजवळ नेहमीच असतात, बरेचदा ते आईकडूनच आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. गोल जंताची अंडी बाहेर पडताक्षणी संसर्ग करीत नाहीत, त्यांना त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात. पण एकदा ती तयार झाली की मातीत महिनोन्महिने टिकतात, आणि त्याच कुंड्यांच्या मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. म्हणजे ज्या अंगणात कुत्रा बेवारशासारखा राहतो आणि विष्ठा चार-चार दिवस तशीच पडून राहते, ते अंगण स्वच्छ घराच्या दारातच धोका निर्माण करते. यावर उपाय मोठा नाही. विष्ठा रोजच्या रोज उचलावी, आणि पशुवैद्यांच्या सल्ल्याने जंतनाशक औषध मोत्या तीन महिन्यांचा होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने द्यावे.

गोचिडांचेही असेच आहे. आपल्याकडे कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड बाहेरून किंवा इतर कुत्र्यांकडून येते, पण तिला गवताची गरज नसते. ती भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत हजारोंनी अंडी घालते आणि घराच्या चार भिंतींत तिचे सारे जीवनचक्र पुरे होऊ शकते. तिच्यामुळे कुत्र्याला होणारा 'टिक फीवर' ठाणे आणि नवी मुंबई परिसरात वारंवार आढळतो. खाणे सुटणे, ताप, हिरड्या पांढुरक्या पडणे, नाकातून रक्त येणे ही त्याची लक्षणे. बाहेर ठेवलेल्या कुत्र्याच्या अंगावरून रोज हात फिरवला जात नाही, त्यामुळे गोचीड उशिरा सापडते. घरात राहणाऱ्या मोत्याचे कान, बगला आणि बोटांमधल्या फटी रोज संध्याकाळी तपासण्याचे काम आपल्या मुलीकडे सोपवावे, आणि त्याच्या वजनाला व वयाला योग्य असे प्रतिबंधक औषध पशुवैद्यांना विचारूनच वापरावे. ढोरांसाठीचे गोचीडनाशक पाण्यात कालवून पिल्लाला आंघोळ घालण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो करू नये. पिल्ले त्याने दगावतात.

एक अडचण सासूबाईंनी मांडलेली नाही, आणि माझ्या मते त्यांच्या बाजूने तीच सर्वांत मोठी आहे. ७२ वर्षांच्या व्यक्तीच्या पायांत पिल्लू घुटमळले आणि त्या पडल्या, तर खुब्याचे हाड मोडू शकते. दात येण्याच्या वयातले पिल्लू तर पदराच्या आणि पायांच्या मागेच असते. म्हणून मोत्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला एक लहान घुंगरू बांधावे, म्हणजे तो कोठे आहे हे त्यांना न बघता कळेल. जिन्याच्या तोंडाशी लहान फाटक असावे, रात्री पॅसेजमध्ये मंद दिवा असावा, आणि मोत्याचे अंथरूण त्यांच्या न्हाणीघराच्या वाटेवर नसावे. सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न उरतो, त्याबाबत देव्हाऱ्यातल्या दत्तगुरूंच्या तसबिरीतली चार कुत्री दाखवून वाद जिंकण्याचा मोह आपण टाळावा. सासूबाईंना तसबीर आपल्यापेक्षा अधिक वर्षे ठाऊक आहे. त्याऐवजी देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या दाराशी मोत्याला थांबायला शिकवावे. खाऊच्या तुकड्याच्या आमिषाने अडीच महिन्यांचे पिल्लूही हे काही दिवसांत शिकू लागते. अट एवढीच की घरातल्या सर्वांनी नियम एकसारखा पाळावा. एक जण हाकलतो आणि दुसरा गुपचूप पोळीचा तुकडा आत बोलावून देतो, अशा घरांत कुत्रे काहीच शिकत नाही.

रात्रीची व्यवस्था आजपासूनच बदलावी. मोत्याचे खोके बैठकीच्या खोलीत, दारापासून थोडे आत ठेवावे आणि पहिल्या काही रात्री घरातल्या एका मोठ्या माणसाने त्याच खोलीत झोपावे. माणसाचा श्वास आणि हालचाल जाणवली की बहुतेक पिल्लांचे ओरडणे दोन-तीन रात्रींत थांबते. या वयाचे पिल्लू तीन तासांहून अधिक लघवी धरू शकत नाही, म्हणून रात्री एकदा, आणि सुरुवातीला कदाचित दोनदा, त्याला पट्टा लावून अंगणात न्यावे लागेल. आपल्या भागात तेव्हा आधी दिवा लावावा, पाहावे आणि मगच बाहेर पडावे. दिवसा उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर ताबडतोब अंगणातल्या एकाच ठरलेल्या जागी न्यावे आणि तेथे त्याने काम उरकताच लगेच शाबासकी द्यावी. घरात चूक झाली तर नाक घासणे, वर्तमानपत्राने मारणे हे प्रकार निरुपयोगी आहेत. त्यातून पिल्लू इतकेच शिकते की माणसासमोर लघवी करू नये, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करू लागते. अंगण असल्याने आपले काम सोपे आहे. नेरूळ किंवा वाशीत बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना प्रत्येक वेळी लिफ्टची वाट पाहावी लागते. आणि ओघात त्यांच्यासाठीही लिहिते की गॅलरीत कोंडलेला कुत्रा हा बाहेर बांधलेल्या कुत्र्याइतकाच एकटा असतो, ऊनही त्याला तितकेच लागते.

लसीकरणात विलंब नको. गल्लीतल्या कुत्रीच्या लशींबाबत काहीच माहीत नसल्याने पार्व्हो आणि डिस्टेंपर या पिल्लांना जीवघेण्या ठरणाऱ्या रोगांच्या लशी ताबडतोब सुरू कराव्यात आणि साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावेत. लेप्टोस्पायरोसिसची लस पावसाळ्यापूर्वी मिळावी, अशी आखणी करावी. रेबीजची लस तीन महिने पूर्ण होताच द्यावी आणि पुढे पशुवैद्य सांगतील तसा तिचा क्रम चालू ठेवावा. तोवर मोत्याला गल्लीतल्या कुत्र्यांत मिसळू देऊ नये. फाटकाखालच्या फटीतून होणारी नाकाला नाक लावण्याची भेटही पार्व्होला पुरते. खेळताना त्याचे दात मुलांना लागून रक्त आले असेल किंवा येईल, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे 'पिल्लूच तर आहे' हा विचार येथे चालत नाही.

कायद्याचे थोडक्यात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची टाळाटाळ करणे आणि पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हे गुन्हे आहेत. दुसरीकडे, भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. म्हणून शेजाऱ्यांशी या सूचनेच्या जोरावर भांडावे, असे मात्र नाही. रात्री दहानंतर त्यांची झोप मोडते आहे आणि त्यांची तक्रार खरी आहे. मोत्या आत आला की ती आपोआप मिटेल. त्याचा महापालिकेचा परवाना रेबीजची लस होताच काढून घ्यावा.

कुत्रा बाहेर ठेवूच नये, असे माझे सरसकट मत नाही. मुरबाड-शहापूरकडे शेतघर असेल, दिवसभर माणसांचा वावर असेल, जोडीला दुसरा कुत्रा असेल आणि रात्री जमिनीपासून उंच, कोरड्या, पक्क्या दाराच्या खोलीत त्याला घेतले जात असेल, तर असा कुत्रा फ्लॅटमधल्या कुत्र्याहून सुखी असू शकतो. धनगरांची कुत्री मेंढरांबरोबर उघड्यावर राहतात आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. आपल्याकडे मात्र यातले काहीच नाही, आणि दिवाळीत फटाक्यांच्या लडी फुटू लागल्या की साखळीला गळफास लागेपर्यंत ओढ घेणारी कुत्री शहरांत दरवर्षी पाहायला मिळतात.

म्हणून घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे, मुलांनाही बसवावे, आणि मोत्या घरात राहणार या अटीवर त्याला ठेवायचे की नाही, ते पंधरा दिवसांत ठरवावे. सासूबाईंचा नकार वर सांगितलेल्या मर्यादा ऐकूनही कायम राहिला, तर त्यांना डावलू नये. दिवसभर घरी त्याच असणार आहेत, आणि त्यांच्या मनाविरुद्ध आलेला कुत्रा आपण कामावर गेल्यावर पुन्हा पोर्चमध्येच जाईल. तसे असेल तर मोत्या लहान आहे तोवर चांगले घर शोधावे. लहान पिल्लाला घर मिळते, वर्षभर बांधून चिडका झालेल्या कुत्र्याला मिळत नाही. हाताने वाढवलेल्या पिल्लाला परत गल्लीत सोडणे हा पर्याय मनातही आणू नये. पण ज्यांनी हौसेने त्याचे नाव ठेवले, त्यांचा नकार आपण समजता तितका पक्का असेल, असे मला वाटत नाही. ज्या घरात कुत्रा आणायचा नसतो, तेथे सहसा त्याला कोणी नाव ठेवत नाही.

पिंजऱ्याची ऑर्डर रद्द करण्यास दिरांना सांगावे. आगाऊ रक्कम परत मिळणार नसेल, तर त्याच फॅब्रिकेटरकडून जिन्यासाठी अडीच-तीन फूट उंचीचे फाटक करून घ्यावे आणि अंगणाच्या मोठ्या फाटकाच्या तळाशी बारीक जाळी जोडून घ्यावी. जाळीच्या कडा आतल्या बाजूने घासून गुळगुळीत केल्या आहेत ना, हे पैसे देण्यापूर्वी हात फिरवून पाहावे.